येळूखिंडीचा कासार

खिंडीच्या तोंडाशी पाटी आहे ना, तिच्यावर ‘वेळूखिंड’ लिहिलंय. तुम्हीही तसंच विचारत आलात आणि वाटेत कुणी तुम्हाला हटकलं नाही. आम्ही ‘येळूखिंड’ म्हणतो. पण पाहुण्याचा उच्चार सुधारायचा नाही, असा गावाचा नेम आहे. हसू नका, आधी ऐकून घ्या.

पूर्वी माथ्यावर बाजार भरायचा, असं सांगतात. घाटाखालून हरबा नावाचा कासार बांगड्या घेऊन यायचा. तोही ‘वेळूखिंड’च म्हणे. गावात गोजरा म्हणून बाई होती. लेकुरवाळी, पण जिभेला हाड नाही. हात पुढे करायची आणि मागे ओढून घ्यायची. “आधी गावाचं नाव नीट घ्या कासारदादा, मग बांगड्या भरा.” बाकीच्या बाया फिदीफिदी हसायच्या. हरबा बिचारा पुन्हा पुन्हा म्हणून बघायचा. असं करता करता त्याच्या जिभेला वळण पडलं, आणि तो खाली आपल्या घरीसुद्धा येळूखिंडच म्हणायला लागला. गोजराला त्याचं कोण कौतुक! भाऊबीजेला ती त्याला ओवाळायची.

मग एका वर्षी कुण्या सरदाराच्या स्वारांनी गावाच्या कणग्या उपसल्या, गुरं हाकून नेली. गावकऱ्यांनी खिंडीत वरून धोंडे लोटले आणि ते स्वार गाडले. चूक की बरोबर, मी कोण सांगणार? पोट जळालं की माणूस धोंडा उचलतो. सरदार मात्र सुडाला पेटला. त्याने भर बाजाराच्या दिवशी माथा वेढला. पण बाजारात गावोगावचे लोक, त्यातून या गावचे निवडायचे कसे? त्याच्याजवळच्या घाटाखालच्या माणसांनी तोड सुचवली. सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि एकेकाला विचारलं, “या जागेचं नाव काय?”

पहिला होता गावचा एक गुराखी. तो सवयीने बोलून गेला. त्याला बाजूला ओढून तिथंच मान उतरवली. रांगेतल्या गावकऱ्यांत कुजबूज धावली, खालच्यांसारखं म्हणा. गोजराच्या पुढे हरबा उभा होता. त्याच्या पुढच्याने त्याला ओलांडून गोजराला सांगितलं. गोजराने मागे नवऱ्याला आणि पोरांना सांगितलं. हरबाला कुणीच सांगितलं नाही. तो खालचाच, त्याला कसली भीती? असंच वाटलं हो सगळ्यांना. तुम्हाआम्हाला तरी दुसरं काय सुचलं असतं?

हरबाची पाळी आली. तो हात जोडून म्हणाला, “येळूखिंड.”

स्वारांनी त्याचे दंड धरले. खांद्यावरच्या बांगड्या खाली पडून फुटल्या. स्वारांच्या जमादाराने मागे उभ्या गोजराला विचारलं, “याला ओळखतेस?” हा खालचा कासार आहे, एवढं ती बोलती तर तो सुटता. पण मग तू कुठली, तुला कसं ठाऊक, हे ओघानं आलंच असतं. पाठीशी तिची पोरं उभी होती. ती खालच्या बोलीत म्हणाली, “नाही. आम्ही घाटाखालचे.”

हरबाने वळून तिच्याकडे पाहिलं, मग पोरांकडे. त्याने नुसतं बोट दाखवलं असतं तरी त्याचा जीव वाचला असता आणि गाव बुडालं असतं. जमादाराने त्याला दरडावलं, “तू इथलाच ना?”

“व्हय,” हरबा म्हणाला, “मी हितलाच.”

त्याला तिथंच कापला. गोजराने नाव अगदी खालच्यांसारखं घेतलं, तिच्या घरच्यांनी घेतलं, सगळ्या गावाने घेतलं. गाव वाचलं. त्यानंतर गोजराने मरेपर्यंत आपल्या गावाचं नाव तोंडातून काढलं नाही म्हणे. मी शिकवलं म्हणून तो मेला, एवढंच ती म्हणायची.

आजही त्या तिथीला सारं गाव सुतक पाळतं, एकाही घरात चूल पेटत नाही. खालून हरबाच्या वंशातली माणसं येतात. ती माथ्यावर बसतात आणि आमच्या म्हाताऱ्यांना विचारतात, “आमचा मूळपुरुष या वेळूखिंडीतच पडला ना?” आम्ही माना खाली घालतो आणि म्हणतो, “होय बाबा, वेळूखिंडीतच.”