मधल्या कमानीतली हाक

पणजोबांचे पणजोबा रांगत होते, त्या वेळची गोष्ट. सावरपेठेत काळ्या दगडाची कोर्टाची कचेरी नुकतीच उभी राहिली होती. ओसरीला कमानी, आणि मधली कमान एवढी उंच की हत्ती झुलीसकट आत जावा. ती तेवढी उंच का? वाऱ्यासाठी, असं म्हणतात. गवंड्याचं माप चुकलं, असंही म्हणतात. मला दोन्ही पटतं, म्हणून जास्तच गोंधळ होतो.

त्या कमानीत उभा राहून येसबा पुकारा करायचा. ज्याचं काम निघेल त्याचं नाव तीनदा घ्यायचं, हीच त्याची नोकरी.

एकदा शिदूवर खटला उभा राहिला. त्याचा थोरला भाऊ रावबा वर्षभर बेपत्ता होता. शिदूनंच त्याला मारून नदीत टाकलं, असा आळ होता. शिदू फासावर जाणार, हे ठरल्यासारखंच होतं. तेवढ्यात त्यांची आई गौराबाई उठली.

"सायेब, समद्यांस्नी पुकारलंत. माझ्या रावबाला कुणी पुकारलं?"

कोर्ट हसलं. मेलेल्याला पुकारा! न्यायाधीश वैतागून येसबाला म्हणाले, "पुकार बाबा, म्हातारीचं समाधान तरी होईल."

पहिल्या हाकेला कमानीवरची पाखरं उडाली. दुसरीला नदीकाठच्या गुरांनी माना वर केल्या. तिसरी डोंगरापलीकडं गेली, असं म्हणतात. तिच्याबरोबर येसबाचा आवाजही गेला, तो मरेपर्यंत परत आला नाही.

आणि पायऱ्या चढून रावबा आला! भर चैत्रात नदी कोरडी, आणि हा डोक्यापासून पायापर्यंत ओला.

"कुठं होतास?" न्यायाधीशांनी विचारलं.

"ठावं न्हाई. पर हाक आत्ता आली."

शिदू सुटला. रावबा आईच्या हातचं पाणी प्याला आणि पायऱ्या उतरला. पुढं? कुणी म्हणतं, म्हातारा होईस्तोवर त्यानं शेत केलं. कुणी म्हणतं, शेवटच्या पायरीवरच तो दिसेनासा झाला. जिवंत होता की कसं, देव जाणे, माझं तर डोकं चालत नाही. गौराबाईला विचारलं की ती एवढंच म्हणायची, "आला हुता. दोन्ही लेकरं एकदा संगं बघितली."

आजही सावरपेठेत कुणाचं माणूस हरवलं, की घरचे मधल्या कमानीत येतात. "येसबा, आवाज दे," म्हणतात आणि नाव तीनदा पुकारतात. आतलं काम थांबतं, बाजार गप्प होतो. गेल्या साली धाकट्या भावासाठी मीही पुकारून आलो. तिसरी हाक माझी होती की येसबाची, मला अजून कळत नाही. सगळा बाजार मात्र उभा राहून माझ्याबरोबर रस्त्याकडं बघत होता.