पौर्णिमेला बांधलेली पाने

वेत्रवती नगरीवर धृतिमान राजाची सत्ता होती, त्या काळी बोधिसत्त्वाने एका माळ्याच्या घरी जन्म घेतला होता. नगराच्या पूर्वेला, वेशीबाहेर एक जुना पिंपळ होता. त्याच्याखाली कधीकाळी एका प्रत्येकबुद्धाला, म्हणजे गुरूवाचून स्वतःच्या बळावर बोध पावलेल्या मुनीला, ज्ञान झाले होते. झाडाची राखण या माळ्यांच्या घराण्याकडे होती. आईबाप लवकर गेले, तेव्हा धाकट्या वेणुकाला बोधिसत्त्वानेच वाढवले. आळे कसे करायचे, फांदी कुठे छाटायची, हेही त्यानेच शिकवले. आणि ही कथा खरी तर त्या वेणुकाचीच आहे.

दर वैशाख पौर्णिमेला पिंपळाचा उत्सव होई. पहाटे लोक नदीवर अंघोळ करून पांढरी वस्त्रे नेसत आणि दुसऱ्या दिवशीच्या सूर्योदयापर्यंत आठ व्रते पाळण्याचा शब्द देत: जीव घेणार नाही, न दिलेले उचलणार नाही, ब्रह्मचर्य पाळीन, खोटे बोलणार नाही, आणि अशीच आणखी चार. मग श्रमणांना खीर वाढायची, झाडाला तीन प्रदक्षिणा घालायच्या, मुळाशी दूध ओतायचे, आणि चंद्र वर आला की बुंध्याला लागून तेलाचे दिवे मांडायचे. आजोबांच्या काळी घरटी एक वाटी दूध येई. पुढे वाटीचा तांब्या झाला आणि तांब्याचा घडा झाला. शेजारणीने एक घडा ओतला की हिला दोन ओतल्याशिवाय चैन पडेना. पुण्याच्या बाबतीत वेत्रवतीचे लोक कोणाला हार जाणारे नव्हते.

पण झाडाला दूध पचत नाही. ते मातीत आंबते. एका वर्षी चैत्र उलटत आला तरी पिंपळाला पालवी फुटली नाही, तेव्हा बोधिसत्त्वाने मुळाशी हातभर खणले. न धुतलेल्या दह्याच्या मडक्यासारखा वास आला. मुळे बोटांत कुस्करली जात होती, आणि बुंध्याची साल दिव्यांनी भाजून काळी पडली होती.

"अजून जीव आहे," तो वेणुकाला म्हणाला. "ही माती काढून नवी भरू. एक पौर्णिमा दूध नको, आणि दिवे दहा हात लांब. येत्या पावसात फुटेल बघ."

"दादा, पण हे लोकांना सांगणार कोण?"

"मी सांगेन."

त्याने उत्सवाचा प्रमुख पूर्णक याला सांगितले. पूर्णक वाईट माणूस नव्हता, नुसता घाईत होता. त्या वर्षी राजा स्वतः पहिल्यांदाच उत्सवाला येणार होता, मानाचे शंभर घडे वाड्यातून निघणार होते, आणि हा माळी म्हणत होता की दूध नको.

"दुधाने कधी कोणाचे वाईट झाले आहे का?" पूर्णक म्हणाला. "झाड बोडके दिसते, एवढेच ना? मग पाने बांधा. नदीकाठी पिंपळ थोडे आहेत का?"

"मेलेल्याला सजवतात," बोधिसत्त्व म्हणाला. "हे अजून जिवंत आहे. मी हात लावणार नाही."

पूर्णकाने मग वेणुकाकडे पाहिले. "तुझ्या दादाला राखण जड झालेली दिसते. ती दुसऱ्या घरी जाऊ दे म्हणतोस, की तू करशील?"

वेणुकाची बायको सात महिन्यांची गरोदर होती. राखणीबरोबर राहते घर होते, परसातला भाजीचा तुकडा होता. दादाकडे न बघता त्याने मान डोलावली.

पौर्णिमेच्या सकाळी वेणुकाने इतरांबरोबर आठ व्रतांचा शब्द दिला आणि लगेच झाडावर चढला. नदीकाठची पाने टोपल्यांत भरून ठेवलेली होती. देठाच्या टोकाला मेण लावायचे, ओल्या फडक्यात गुंडाळायचे, आणि एकेक पान हिरव्या रंगवलेल्या दोऱ्याने डहाळीला बांधायचे. दुपारपर्यंत बोटे सुजली. पण काम फक्कड झाले होते. खालून बायका म्हणत होत्या की यंदा पिंपळ किती टवटवीत आहे. वेणुकाला लाज वाटायला हवी होती. वाटला तो अभिमान.

तिसऱ्या प्रहरी राजा आला. दुधाचे घडे रांगेत मांडले गेले. तेवढ्यात पांढरी वस्त्रे नेसलेला बोधिसत्त्व पुढे झाला आणि त्याने हात जोडले.

"महाराज, ही पाने बांधलेली आहेत. झाड दुधाने मरते आहे. आज एक दिवस हात आवरला तर ते वाचेल."

पूर्णकाच्या तोंडचे पाणी पळाले. राजाने वर पाहिले. उन्हात पाने हलत होती.

"झाडावर कोण चढले होते?" राजाने विचारले.

वेणुक पुढे आला. राजाला भर उत्सवात फसवणाऱ्याचे दोन्ही हात तोडत, हे नगरात शेंबड्या पोरालाही ठाऊक होते.

"सुकलेल्या काटक्या काढायला चढलो होतो," तो म्हणाला. "पाने याच झाडाची आहेत, महाराज."

चौथे व्रत घेऊन अजून एक दिवसही झाला नव्हता.

सगळे बोधिसत्त्वाकडे पाहू लागले. खालची फांदी त्याच्या डोक्यावर हातभरच होती. एक पान ओढले असते तर पानाबरोबर दोरा आला असता, आणि घडे आल्या पावली परत गेले असते. बोधिसत्त्वाने धाकट्या भावाच्या हातांकडे पाहिले. दोन्ही अंगठे दोऱ्याच्या रंगाने हिरवे झाले होते. खरे ते तो एकदा बोलून चुकला होता. हात त्याने फांदीकडे नेले नाहीत, जोडलेलेच ठेवले.

पुण्याच्या दिवशी झाडाविषयी अभद्र बोलला, म्हणून राजाने त्याला नगराबाहेर काढले. पौर्णिमा नसती तर याहून वाईट झाले असते, असे लोक म्हणाले आणि राजाच्या दयाळूपणाचे कौतुक करू लागले. वेशीजवळच्या भिंतीशी बोधिसत्त्व वाकला आणि त्याने मातीची एक छोटी कुंडी उचलली. याच पिंपळाच्या बियेपासूनचे चार पानांचे रोप त्याने तिच्यात लावले होते. वेणुकाने ते पाहिले. मग पहिला घडा ओतला गेला आणि सगळे तिकडे वळले.

श्रावणात झाड मेले. ते वेणुकाशिवाय कोणालाच कळले नाही, कारण लोक त्याच्याकडे वर्षातून एकदाच बघत.

त्यानंतर दर वैशाखात वेणुक पाने बांधत राहिला. पूर्णकाने त्याला शाल दिली. त्याच्या हाताला गुण आहे, असे लोक म्हणू लागले. घर राहिले, मुलगी झाली, चालू लागली, बोलू लागली. उत्सवाच्या दिवशी ती बापाच्या खांद्यावर बसून झाडाला हात जोडायची, तेव्हा मात्र वेणुकाला ती खाली उतरावी असे वाटे. नदीकाठचे पिंपळ दरवर्षी ओरबाडून उजाड होत गेले. अकराव्या वर्षी तर अलीकडच्या तीरावर बांधण्याजोगे पान उरले नाही. उत्सवाच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, वेणुक टोपल्या घेऊन पलीकडे गेला.

तिथे माळावर एकच पिंपळ होता, तरुण आणि नुसता पानांनी लगडलेला. ना पार, ना दिवे. सावलीत गुराखी पहुडले होते. वेणुक कोणाला न विचारता चढला आणि शेंड्याकडे निघाला.

खाली कोणीतरी मडक्याने पाणी घालीत होते. साधे नदीचे पाणी. ते वर न बघताच बोलले.

"खालच्या फांद्यांची घे. वर साळुंक्यांनी घरटी केली आहेत."

आवाज ओळखून वेणुक फांदीला धरूनच राहिला. मग हळूहळू उतरला. दादाचे केस पांढरे झाले होते, पण मडके तो अजून तसेच एका हाताने तोलत होता.

"दादा, हे झाड..."

"त्याचेच आहे. कुंडीतले."

अकरा वर्षे गिळलेले शेवटी वेणुकाच्या तोंडाशी आले. "त्या दिवशी तू एक पान ओढायचे होतेस. झाड वाचले असते."

"वाचले असते," बोधिसत्त्व म्हणाला. "झाडाचे रोप माझ्याकडे होते, वेणुका. तुझे दुसरे नव्हते."

वेणुक रडला. असे रडणे त्याला त्या दिवशी जमले असते तर पुष्कळ काही वेगळे झाले असते. डोळे पुसून तो म्हणाला, "उद्या सगळ्यांसमोर सांगतो, दादा. राजासमोर सांगतो."

"सांग," बोधिसत्त्व म्हणाला, आणि खालच्या फांदीची पाने काढून त्याने स्वतः त्याची टोपली भरली. वरून ओले फडके टाकले, म्हणजे वाटेत कोमेजायला नकोत.

दुसऱ्या दिवशी वेणुकाने पाने बांधली. राजा आला, घडे आले, पांढऱ्या वस्त्रांची रांग वेशीपर्यंत गेली. मुलगी आईचा हात धरून रांगेत उभी होती. वेणुक पुढे झाला. पूर्णक आता म्हातारा झाला होता. तो त्याच्या कानाशी लागून म्हणाला, "यंदा कमाल केलीस. अगदी याच झाडाची वाटतात."

वेणुकाचे तोंड उघडले होते. त्याने मुलीकडे पाहिले.

"याच झाडाची आहेत," तो म्हणाला, आणि बाजूला झाला.

या वेळी ते खरे होते, पाने त्याच झाडाच्या रोपाची होती. म्हणूनच ते बोल मरेपर्यंत त्याच्या घशात रुतून राहिले. पहिले खोटे त्याने भीतीपोटी सांगितले होते. या खऱ्याला तेवढेही निमित्त नव्हते. त्या हिवाळ्यात बोधिसत्त्व वारला, हे त्याला गुराख्यांकडून कळले. नदी ओलांडून तो पुन्हा गेला तो पुढच्या वैशाखात, टोपल्या घेऊन. त्याने खालच्या फांद्यांचीच पाने घेतली.

शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा जेतवन विहारात एका पौर्णिमेच्या सकाळी सांगितली, तेव्हा दारातल्या बोधिवृक्षासमोर दुधाच्या घड्यांची रांग लागली होती. कथा संपवून ते म्हणाले, "तेव्हाचा पूर्णक म्हणजे आज ज्याने हे घडे आणवले तो कारभारी. घरोघरचे ते लोक म्हणजे तुम्ही. वेणुक म्हणजे रांगेला शिस्त लावणारा हा उपासक सोणक. आणि माळी मीच होतो."

सोणकाचा चेहरा उतरला. त्याने रांग थांबवायला हात वर केला.

"का हो, थांबले का?" मागून कोणीतरी विचारले. "ऊन चढते आहे, दूध नासेल."

सोणकाने हात खाली घेतला. रांग पुढे सरकली.

अशा कथा ऐकून श्रोत्यांना काही ना काही फळ मिळते म्हणतात. त्या सकाळी कोणाला मिळाल्याचे ऐकिवात नाही. बोधिसत्त्वाने मात्र त्या जन्मी मैत्री हा गुण शेवटास नेला. ज्याने आपल्याला बुडवले त्याला खालच्या फांद्या दाखवणे आणि वरची घरटी सांभाळणे, ही मैत्री.