गौतमीचं बरोबर उत्तर

“पण सर, उत्तर तर तिनं बरोबर दिलं होतं. मग ती बोलायची का थांबली?”

हणमंत लाटकर हे विचारत होता ते नलावडे सरांना. एकेकाळी सरांनीच त्याला मराठी शिकवलं. आता तो स्वतः नववीला मराठी शिकवतो, आणि झकास शिकवतो असं त्याचं स्वतःचंही मत आहे. अलंकार, समास, वृत्तं, सगळं त्याच्या पोरांना तोंडपाठ. झोपेतून उठवून विचारा, असं तो येईल त्याला सांगतो. झोपलेल्या पोराला उठवून कुणी समास का विचारावा, हे त्याला अजून सुचलेलं नाही.

सर ओसरीवर शेंगा फोडत बसले होते.

“काय विचारलं होतंस तिला?”

“रस ओळखा.”

मग त्यानं सगळं सांगितलं.

गौतमीचे वडील दुधाची गाडी चालवायचे. दिवाळीनंतर अपघातात गेले. सुतक फिटल्यावर ती शाळेत आली, तर परिपाठात बोलायची पाळी नेमकी तिच्या वर्गाची. नको म्हणाली असती तरी चाललं असतं. ती पुढं आली आणि एवढंच बोलली, “पप्पांची गाडी आली की आमचा टिप्या कुत्रा फाटकात जाऊन उभा राहायचा. अजून कुणाची पण गाडी वाजली की जातोय. मग आई त्याला ओढून आत आणती.”

मैदानावरची पोरं डोळे पुसू लागली. हणमंताच्याही डोळ्यांत पाणी आलं. इथवर ठीक होतं.

दुपारी शाळेच्या तपासणीला साहेब आले. हणमंताला नेमका रसांचा पाठ घ्यायचा होता. पुस्तकातली उदाहरणं त्याला शिळी वाटली, आणि सकाळचं ताजं होतं. त्यानं गौतमीची वाक्यं फळ्यावर लिहिली, ‘आणती’चं ‘आणते’ केलं आणि खाली लिहिलं, रस ओळखा. बरेच हात वर आले. त्यानं गौतमीलाच उठवलं.

“तिलाच का?” सरांनी विचारलं.

“तिला बरं वाटेल म्हणून. आपलं वाक्य फळ्यावर आलं म्हणून...”

सर शेंगा फोडत राहिले.

“साहेबांना दाखवायचं होतं,” हणमंत खालच्या आवाजात म्हणाला.

गौतमी उभी राहिली. करुण रस, स्थायीभाव शोक, असं म्हणाली आणि खाली बसली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मग वर्गानंही वाजवल्या.

तेव्हापासून पोरगी वर्गात तोंड उघडत नाही. निबंधाचं पान कोरं देते. व्याकरणाचे गुण मात्र पैकीच्या पैकी. आता शाळाच नको म्हणते, आणि उद्या तिची आई दाखला न्यायला येणार आहे.

“एकदा दाखला गेला की ती दुसऱ्या शाळेचं तोंड बघायची नाही, सर. घरीच बसेल. काहीतरी उपाय सांगा.”

सरांनी आणखी एक शेंग फोडली.

“तुझी काकू गेली ते कळलं होतं ना तुला?”

हणमंतानं मान खाली घातली. सरांच्या बायकोला तो काकू म्हणायचा; त्या गेल्याचं कळलं होतं. ग्रुपवर त्यानं ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकली होती, जोडलेले हातही टाकले होते. यायचं मात्र राहून गेलं. आज आला तो स्वतःच्या अडचणीपायी, आणि येऊन इतका वेळ झाला तरी काकूंचं नाव काही त्याच्या तोंडून निघालं नव्हतं.

“शेवटी शेवटी ती मला ओळखत नव्हती,” सर म्हणाले. “मला सर म्हणायची, तुम्ही पोरं म्हणता तशी. संध्याकाळ झाली की पिशवी घेऊन दारात उभी राहायची. म्हणायची, सर, मला घरी सोडा. आमचे हे वाट बघत असतील.”

त्यांनी पुढची शेंग उचलली.

“मी म्हणायचो, चला. परसातून एक चक्कर मारायची आणि पुढच्या दारानं तिला आत आणायचं. आत आली की इकडंतिकडं बघायची. म्हणायची, हे अजून आले नाहीत वाटतं.”

सरांचे हात थांबले होते. आवाज तेवढा सरळ होता.

त्यांनी मान वर केली.

“रस ओळख.”

हणमंतानं चमकून वर बघितलं.

“येतं की तुला. सांग.”

येत होतं, हीच तर लाज होती. सरांचं बोलणं पुरं व्हायच्या आत ते उत्तर त्याच्या जिभेवर येऊन बसलं होतं, स्थायीभावासकट. काकूंसाठी वाईट वाटायच्या आधी ते आलं होतं. याच काकूंच्या हातचं तो जेवला होता, याच ओसरीवर. त्याला स्वतःची किळस आली.

“नाही सांगता येत, सर.”

“गौतमीनं सांगितलं.”

हणमंतानं तोंड ओंजळीत लपवलं. सरांनी त्याला रडू दिलं. पाठीवर हात ठेवला नाही की पाणी विचारलं नाही.

शेवटी तो डोळे पुसून म्हणाला, “उद्या ती आली की भर वर्गात तिची माफी मागतो. सगळ्यांसमोर.”

“सगळ्यांसमोर कशाला? परत टाळ्या हव्यात?”

हे फार लागलं. हणमंताचे कान तापले. पण खोटं आहे असं त्याला म्हणता येईना. माफी मागताना आपण कसे दिसू, हे खरोखरच त्याच्या डोळ्यांपुढं येऊन गेलं होतं.

“मग आत्ताच तिच्या घरी जातो,” तो उठत म्हणाला. “पण तिथं जाऊन बोलू काय? तुम्ही सांगाल ते बोलतो.”

“बोलू नकोस. विचार.”

“काय विचारू?”

सरांनी मांडीवरची टरफलं झटकली. गुडघ्यावर हात टेकून उठले आणि त्याला सोडायला पायरीपर्यंत आले.

“ज्याचं उत्तर तुला येत नाही, असं काहीतरी.”