मोटरवहिनींचा घाट

लोक मोबाइलसारखी गाडीही चार्जिंगला लावू लागले, तेव्हाची गोष्ट. एका गाडीत दोघं राहत: विजेवर चालणाऱ्या मोटरवहिनी आणि पेट्रोलवर चालणारे इंजिनभाऊजी.

एकदा मागच्या सीटवर बाळ झोपलं. वहिनींनी गाडी इतकी अलगद नेली की खड्ड्यांतही ते हललं नाही. मग घाट लागला.

"वहिनी, द्या इकडे," इंजिनभाऊजी म्हणाले.

"तुम्ही घरघरता, भाऊजी. उठेल ना ते!"

"अहो, तुमची बॅटरी संपत आलीय."

"जमतंय मला!"

जमत नव्हतं. तिसऱ्या वळणावर गाडी आचके देऊ लागली. बाळानं झोपेतच रडण्यासाठी ओठ काढला.

"घ्या बाई," वहिनी म्हणाल्या, "पण हळू!"

भाऊजींनी हिसका न देता चढ धरला. गाडी वळणावर सावरली. त्या एकसुरी घरघरीत बाळ कूस बदलून आधीपेक्षा गाढ झोपलं. वहिनींना जरा वाईटच वाटलं.

उतार लागला. चाकं फिरतील तशी वहिनींच्या बॅटरीत वीज भरू लागली.

"आता घेता का?" भाऊजींनी विचारलं.

"राहू द्या थोडा वेळ तुमच्याकडेच," वहिनी म्हणाल्या. "मीही जरा पडते."