घर शोधणारा धूर

एका गावात एक धूर होता आणि त्याला राहायला घर नव्हतं. चुलीतून निघाल्यापासून तो आभाळात भटकत होता. तिथे त्याच्यासारखे इतके धूर जमले होते की, गावावर जाड गोधडी पांघरल्यासारखं झालं होतं. खाली माणसं उकाड्याने हैराण होती. आंब्याचा मोहोर करपून गळत होता.

एका अंगणातल्या फणसाला धुराची दया आली. "पानांतून आत ये," फणस म्हणाला. धूर आत शिरला आणि हळूहळू फणसाचं लाकूड होऊन गेला. कित्येक पावसाळे तो तिथे सुखाने राहिला.

पुढे फणस म्हातारा झाला, बुंध्याशी कुजू लागला. त्या घरच्या बाईला सारा गाव वहिनी म्हणे. तिने सुताराला बोलावलं आणि त्याच अंगणात फणसाची नवी आठळी पुरली. कुऱ्हाड पाहून धुराला वाटलं, आता आपण पुन्हा उघड्यावर. पण झाड पडलं, फळ्या निघाल्या, त्यांचा पाळणा झाला, तरी धूर होता तिथेच. त्याला काही उमजेना. त्याने करवतीला विचारलं, "झाड गेलं, मग माझं घर कसं राहिलं?"

"मी नुसती कापते," करवत म्हणाली. "बाहेर काढतो तो विस्तव."

वहिनीचं बाळ त्या पाळण्यात वाढलं, चालायला लागलं. पाळण्याची दांडी मोडली आणि पाळणा पडवीत जाऊन पडला. तेवढ्यात होळी आली. होळीसाठी मागितलेल्या लाकडाला नाही म्हणायचं नाही, असा गावचा रिवाज. मंडळी दारात आली. शेजाऱ्याने नवं दार बसवलं होतं, त्याने जुनं धडधाकट दार देऊन टाकलं. मग सगळे पाळण्याकडे वळले. आतल्या धुराला करवतीचे शब्द आठवले.

"द्या की वहिनी. आता ह्यात काय आमच्या दादांना झोपवणार?" एकजण म्हणाला.

"त्यांना झोपायला पाळणा लागत नाही," वहिनी म्हणाली. सगळे हसले, पण ती गोंधळली होती. रिवाज मोडावा तरी पंचाईत, पाळणा द्यावा तर जीव होत नव्हता. तिने फळ्यांवरून हात फिरवला. "दांडी मोडलीय, फळ्या शाबूत आहेत. ह्यांचे पाट होतील. पाट झिजले की पोळपाट."

"आणि पोळपाट झिजला की?"

"तेव्हा या मागायला." तिने त्यांना वाळक्या झावळ्यांचा भारा दिला.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याच्या जळालेल्या दारातला धूर पाळण्यापाशी आला. "तुझ्यात जागा आहे का?"

"तोडलेल्या लाकडात नवा धूर मावत नाही. तू अंगणातल्या झाडाला विचार."

आठळीचा फणस अजून कमरेएवढाच होता. "थोडा थोडा ये," तो म्हणाला. दार मोठं होतं, त्याचा धूरही खूप होता. उरलेला धूर आभाळात गेला आणि गोधडी तेवढी जाड झाली.

पाळण्याचे पाट झाले. आतला धूर अजून तिथेच आहे. झाड पाडणारी, पण घर न मोडणारी कुऱ्हाड आपली की परकी, हे मात्र त्याला अजूनही ठरवता आलेलं नाही.

तात्पर्य: झाड तोडावंच लागलं तर त्याच्या जागी दुसरं लावा, आणि तोडलेलं लाकूड जाळण्याआधी त्याचं आणखी काय होईल, ते पाहा.