लेझरचं कुंकू

फार जुनी नव्हे, पण बंदुका बोलत असत त्या काळची गोष्ट. धन्याने म्हाताऱ्या दुनळी बंदुकीवर नवाकोरा लेझर बसवला. बसताच लेझर म्हणाला, "आजी, छर्रे उधळायचे दिवस गेले. मी लाल ठिपका ठेवीन, तिथंच मारायचं."

"बरं बाबा," दुनळी म्हणाली.

तिन्हीसांजेला रानडुक्कर बायकोसह भातात शिरलं. लेझरने त्याच्या कपाळावर झोकात ठिपका ठेवला. तो पाहून डुकरीण किंचाळली, "अहो, पळा! जत्रेत कापायच्या बकऱ्याला असंच कुंकू लावतात!"

धन्याने चाप ओढेपर्यंत दोघं जाळीत पसार झाली.

"माझा नेम अचूक होता!" लेझर फणकारला.

"होता ना," दुनळी म्हणाली. "पण बाळा, त्याला मारायचं होतं, ओवाळायचं नव्हतं."