तळ्याकाठी बसलेला बैल

पूर्वी मणिपुष्प नगरात सुदर्भ राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व शिरीषग्रामात एका गाईच्या पोटी जन्मले. गाय लगेच मेली. गोपा नावाच्या विधवा गवळणीने त्या वासराला हाताने दूध पाजून वाढवले. ते जरा अंग धरू लागले, तोच शेजारच्या कदंबग्रामच्या चोरांनी ते गोठ्यातून पळवले आणि आपल्या गावच्या नंदक गवळ्याच्या दावणीला बांधले. वासरू कुठले, हे नंदकाला ठाऊक होते. तरी त्याने त्याला पोटच्या पोरासारखे जपले. माया केली म्हणून चोरीचे आपले होत नाही, हे त्याला सांगणारे कोणी नव्हते.

दोन्ही गावांच्या मध्ये एक कुरण होते आणि कुरणात तळे. पावसाने दगा दिला तेव्हा हिरवे तेवढेच उरले. हे म्हणाले आमचे, ते म्हणाले आमच्या आजोबांचे. एकमेकांची गुरे पळवणे वाढले, डोकी फुटली. शेवटी म्हाताऱ्यांना जुनी रीत आठवली. दोन्ही गावांत वाढलेला बैल कुरणात सोडायचा. तो ज्यांच्या बाजूला रवंथ करायला बसेल, त्यांचे कुरण. हरलेल्यांनी गुरे घेऊन देशोधडीला लागायचे.

असा बैल एकच होता: गोपाने पाजलेले आणि नंदकाकडे मोठे झालेले ते वासरू. त्याचा जीव आपल्यावरच आहे असे वाटून दोन्ही गावे मनातून खूश झाली.

सकाळी बैल सोडला. एका बाजूने गोपाने हाक मारली, "ये रे माझ्या लेकरा!" दुसऱ्या बाजूने नंदकाने नेहमीची शीळ घातली. बोधिसत्त्वांनी दोघांकडे डोळे भरून पाहिले. 'एकीकडे गेलो तर दुसरीकडची वासरे तहानेने मरतील,' असा विचार करून, दोन्ही गावच्या पायवाटा तळ्याकाठी जिथे मिळतात, तिथे ते बसले.

वास्तविक न्याय तिथेच झाला होता. पण दोघांचे म्हणजे आपले नव्हे, असे मानणाऱ्यांना तो कसा दिसावा? "उठवा त्याला, नीट बसू द्या!" दोन्ही गावांचे प्रमुख, ते ग्रामणी, ओरडले. आधी शेपूट पिरगाळले, मग काठ्या पडू लागल्या, दोन्हीकडून. गोपाला लोकांनी धरून ठेवले होते. बोधिसत्त्वांनी शिंग उगारले नाही, आणि ते उठलेही नाहीत. उन्हे उतरली तेव्हा त्यांचा श्वास थांबला होता.

दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. इथे तिसऱ्याचा जीव गेला.

आता त्या बैलाला कोणी उठवू शकत नव्हते. कुरण दोघांचे झाले.

गोपा त्याचे डोके मांडीवर घेऊन नंदकाला म्हणाली, "तुमच्या गावाने चोरला तेव्हाही मी रडले, दादा. पण तेव्हा तो कुठेतरी चरत असेल, एवढे तरी मनात होते."

नंदक म्हणाला, "बाई, माझ्या दारी त्याच्यावर कधी हात उगारला नाही. तुझा तुला परत द्यायला हवा होता." दोघांनी मिळून त्याला तिथेच पुरले.

एका कुटीच्या जागेवरून भांडणाऱ्या दोन भिक्षूंना ही कथा सांगून शास्ते, भगवान बुद्ध, म्हणाले, "तेव्हाचे दोन ग्रामणी तुम्हीच होता. नंदक म्हणजे आजचा भिक्षू उपसाल, गोपा म्हणजे दाराशी बसलेली वृद्ध भिक्षुणी, थेरी सुमित्ता. तो बैल मी होतो. दोन्हीकडच्या काठ्या खाऊनही दोन्हीकडच्या वासरांवर सारखी माया ठेवणे, याला मैत्री म्हणतात."

भिक्षूंनी माना खाली घातल्या. थेरी सुमित्ता मात्र, कितीतरी जन्मांनंतर, पुन्हा रडली.